किनाऱ्यावरची मुलं आणि किनाऱ्यावर राहणारे

वन्यप्राणी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ताडोबाची जिप्सी येते. पुढे कुठेतरी वाघ, मागे आपण, आणि गाईड सांगतोय, हात बाहेर काढू नका, बोलू नका. आपण मुलांना दटावून गप्प बसवतो आणि तीही बसतात. तेच कुटुंब महिन्याभराने दिवेआगरला किंवा गुहागरला जातं. तिथे तोच मुलगा खेकडा पकडतो, पाण्याच्या बाटलीत कोंबतो, आणि वडील फोटो काढतात. आता खेकडा काही आपला पाळीव नाही. त्याला कोणी खायला घालत नाही, त्याचं घर तिथलंच आहे. म्हणजे व्याख्येने तोही वन्यप्राणीच झाला. पण तो लहान आहे, फाटकात तिकीट काढावं लागलेलं नाही, आणि आपण सुट्टीवर आहोत.

आम्ही मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना घेऊन किनाऱ्यावर चालतो, तेव्हा दोन वाक्यं सतत कानावर पडतात. एक, "हात लाव रे, काही नाही करत." दुसरं, "अगं सोड, चावेल!" अनेकदा एकाच घरातली, आई-बाबांची, पाच मिनिटांच्या अंतराने. आजच्या बोलण्यात आम्ही एवढंच दाखवणार आहोत की ही दोन्ही वाक्यं मुलाच्या उपयोगाची नाहीत. पहिल्यात प्राण्याचं खेळणं होतं, दुसऱ्यात भूत. आणि कोकणच्या किनाऱ्यावर खरोखर काय राहतं हे पाहिलं, तर दोन्ही वाक्यं चुकीच्या जागी वापरली जातात. म्हणजे जिथे "सोड" म्हणायला हवं तिथे आपण "काही नाही करत" म्हणतो, आणि उलटही.

पण प्राणी भेटायला हवेत ना आधी? म्हणून सुरुवात पाण्यापासून.

पुण्या-मुंबईची मंडळी साधारण शनिवारी सकाळी निघतात, दुपारी पोचतात, जेवतात, जरा आडवी होतात आणि पाच वाजता किनाऱ्यावर उतरतात. कधी समोर अर्धा किलोमीटर ओली वाळू असते, तर कधी पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत. मग परत आल्यावर एक जण म्हणतो, तिथे खूप काही बघायला मिळालं, आणि दुसरा म्हणतो, छे, काहीच नाही. दोघंही खरं सांगतात. ते वेगवेगळ्या तिथीला गेले होते, इतकंच.

कोकणातल्या जुन्या माणसांचा साधा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बारा-सव्वाबाराला ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. बंदराबंदरात अर्धा-पाऊण तास फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण कॅलेंडरवरच्या तिथीवरून शनिवार-रविवार निवडायला हा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळची सुट्टी धरलीत तर पाणी सर्वांत लांब जातं आणि तेही नेमकं मुलं जागी असताना. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटर चढते-उतरते, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. एक सावधगिरी मात्र आहे. खडकाळ भागात ओहोटीच्या तासभर आधी शिरायचं आणि पाणी फिरलं की मागे यायचं. उधाणाचं पाणी येतं तेही झपाट्याने, आणि मागच्या बाजूने वळसा घालून येतं.

आता उघडी पडलेली वाळू. तिच्यावर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते, मधोमध एक भोक आणि त्यातून किरणांसारख्या निघालेल्या ओळी. मुलं ती धावत तुडवतात, कारण तुडवायला मजा येते. ही रांगोळी करणारा खेकडा वाटाण्याएवढा असतो. तो वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेलं शेवाळ आणि सेंद्रिय द्रव्य चाटून घेतो आणि उरलेल्या कोरड्या वाळूचा गोळा करून मागे टाकतो. म्हणजे ती रांगोळी हे त्याचं उष्टं ताट आहे. पाणी यायच्या आत त्याला दिवसाचं जेवण उरकायचं असतं. पाणी आलं की तो बिळात जातो, वरून वाळूने तोंड बंद करतो आणि आत कोंडलेल्या हवेवर भरती काढतो.

मोठी बिळं असतात ती पांढुरक्या, पळपुट्या खेकड्यांची. त्यांचे डोळे दांड्यांवर असतात, चहूबाजूंचं दिसतं, आणि पावलांची थरथर वाळूतून कळते. म्हणून मूल धावत गेलं की सगळा किनारा एका क्षणात रिकामा होतो आणि मूल म्हणतं, इथे काही नाही. उपाय एकच आहे, बसायचं. बिळापासून चार-पाच हात लांब, सगळ्यांनी, मोबाईलसकट शांत. सहा-सात वर्षांच्या मुलाला घड्याळ द्या आणि सांगा, पहिला डोळा बाहेर यायला किती मिनिटं लागतात ते मोज. काम दिलं की मूल बसतं. नुसतं "शांत बस" म्हटलं की बसत नाही. आधी दांड्यांवरचे डोळे वर येतात, मग एक नांगी, मग अख्खा गडी वाळूचा लगदा बाहेर फेकतो आणि पुन्हा आत. आमच्या अनुभवात, ज्या मुलाने हे एकदा पाहिलं त्याला बाटली लागत नाही.

बाटलीचं म्हणाल तर, बाटलीतला खेकडा घरी पोचत नाही. उन्हात गाडीत पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, आणि तो पोलादपूरच्या आसपासच मरतो. मुलाला सांगताना आपण म्हणतो, "झोपलाय."

शंख-शिंपल्यांचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण ती आपल्या सगळ्यांच्याच लहानपणीची हौस. रिकामा शंख उचलला तर कोणाचं काय जातं? जातं. हर्मिट क्रॅब नावाचा खेकडा आहे, त्याच्या पोटाचा मागचा भाग मऊ आणि वळलेला असतो, त्याला कवचच नसतं. तो मेलेल्या गोगलगायीचा शंख घर म्हणून वापरतो, आणि वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. काही जातींमध्ये तर एक मोठा रिकामा शंख मिळाला की खेकडे लहान-मोठ्याच्या क्रमाने रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरतो, दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. मुंबईत घर मिळवण्यापेक्षा हे बरं चालतं म्हणायचं. आता तो मोठा, अखंड, देखणा शंखच आपण शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नेतो. स्पेनमधल्या एका किनाऱ्यावर संशोधकांनी तीस वर्षांच्या अंतराने शंख-शिंपले मोजले. तेवढ्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले होते आणि शिंपले साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले होते. एका मुलाच्या खिशाने काही होत नाही, हे खरंच आहे. पण शनिवारी किनाऱ्यावर एकच मूल नसतं.

आणि शंख रिकामा आहे हे ठरवायचं कसं? तोंड वर करून खाली ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. आत कोणी असेल तर पाय दिसतील किंवा मऊ मांस हलेल. त्यातही शंकूच्या आकाराचा, गुळगुळीत, नक्षीदार शंख असेल तर तो हातात घेऊन तपासूच नका. कोन स्नेल या गोगलगायी विषारी असतात. भाल्यासारखा बारीक दात बाहेर फेकून त्या भक्ष्याला विष टोचतात, आणि काही मोठ्या जातींचा डंख माणसालाही महागात पडतो. नेमका हाच शंख सर्वांत सुंदर असतो, त्यामुळे मुलाच्या मुठीत तोच जातो. हे पहिलं ठिकाण, जिथे आपण "काही नाही करत" म्हणतो.

दुसरं ठिकाण जेलीफिश. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, समुद्राकडून वारा जोरात असला की मुंबईच्या जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळे फुगे येऊन पडतात. ब्लू बॉटल. खरं तर ती जेलीफिश नाही, अनेक जीवांची मिळून झालेली एक वसाहत आहे. मुलांना ती फुग्यासारखी दिसते, आणि वाळूत पडलेली असते म्हणजे मेलेली, असं मोठ्यांना वाटतं. पण तिच्या धाग्यांवरच्या डंखपेशी प्राणी मेल्यावरही काम करतात. स्प्रिंगच्या पिंजऱ्यासारख्या, स्पर्श झाला की सुटतात.

डंख झालाच तर काय करायचं हे नीट ऐका, कारण इथे घरगुती सल्ल्यांची जत्रा भरते. वाळू चोळायची नाही, चोळल्याने उरलेल्या डंखपेशीही सुटतात. बाटलीतलं गोडं पाणी ओतायचं नाही, त्यानेही तेच होतं. लघवी वगैरे विसरा. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा एखाद्या कार्डाने काढा, उघड्या बोटांनी नाही. ब्लू बॉटलच्या दुखण्याला, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने आराम पडतो. पाणी किती गरम ते मोठ्या माणसाने आपल्या हातावर पाहायचं, कारण वेदनेत मुलाला भाजलेलं कळत नाही. व्हिनेगर काही जातींना चालतं, काहींना नाही, तेव्हा सरसकट ओतू नका. श्वास लागला, चेहरा सुजला, उलट्या सुरू झाल्या, तर उपाय शोधत बसायचं नाही, थेट दवाखाना.

गरम पाणी आणखी एका ठिकाणी कामाला येतं. पाकट. थाळीतला पाकट सगळ्यांना माहीत असतो. जिवंत पाकट उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहतो, आणि कोणी पाय दिला की शेपटीवरचा काटा मारतो. 2013 साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना असे डंख झाले होते. पाकट हल्ला करायला आला नव्हता, तो तिथेच होता आणि आपण त्याच्यावर उभे राहिलो. म्हणून मुलांना उथळ पाण्यात पाय उचलून टाकायला नाही, घासत चालायला शिकवा. आगगाडीसारखं, झुकझुक करत. वाळू हलली की पाकट आपण होऊन निघून जातो. काटा लागला तर गरम पाणी आणि डॉक्टर, दोन्ही. खोल रुतलेला काटा स्वतः उपटायचा नाही.

आणि रापण. मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्यावरून जाळं ओढतात ते पाहायला मुलांना जरूर न्या, इतकं एकत्र जिवंत दुसरीकडे कुठे दिसणार? पण जाळ्यात समुद्रसापही येतात. शेपूट वल्ह्यासारखी चपटी दिसली की तो समुद्रसाप. स्वभावाने बहुधा शांत, चटकन चावत नाही, म्हणून काही मुलं त्याला शेपटीने उचलताना दिसतात. विष मात्र जहाल आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते, समुद्रसाप त्यात नाही. जाळं ओढणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय जाळ्यात हात नाही, हा नियम दोन वर्षांच्या मुलालाही कळतो.

आता उलट बाजू, जिथे धोका मुलाला नसून प्राण्याला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. एकेकाळी नाना फडणवीसांचं गाव म्हणून माहीत होतं, आता कासवांचं म्हणून. पूर्वी इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खाल्ली आणि विकली जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी जपायला सुरुवात केली, आणि पुढे 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. मादी रात्री येते, एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे, कुत्री, माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात.

"साधारण" हा शब्द महत्त्वाचा. वाळू किती तापली त्यावर दिवस पुढे-मागे होतात. आणि आपण शनिवार-रविवारी गेलेलो असतो. टोपली उचलली जाते, खाली नुसती वाळू. मुलं रडवेली होतात. मग पालक तिथल्या कार्यकर्त्यांना गळ घालतात, थोडं उकरून बघा ना, एखादं तरी दाखवा, आम्ही एवढ्या लांबून आलोय. आम्हाला वाटतं, त्या क्षणी मुलाकडे वळून "आज ती तयार नाहीत" एवढंच सांगणारा पालक मुलाला जास्त काही देतो. मुलांना हे पटतं, खरं तर मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.

पिल्लं निघालीच, तर ती दोरीच्या पलीकडून पाहायची. "इतका त्रास कशाला, उचलून पाण्यात सोडूया" ही मुलाची मनापासूनची दया असते, तिला हसू नका, कारण सांगा. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी उरलेली असते. तिच्यावर त्याला वाळू पार करायची आणि पुढचा दिवसभर न थांबता खोल समुद्राकडे पोहायचं असतं. हातात धरलं की ते हातातच पोहत राहतं, आणि शिदोरी तिथेच संपते. शिवाय दिशा ते उजेडावरून ठरवतं. मोकळ्या समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं म्हणून तिकडे जातं. मोबाईलचा फ्लॅश मारला की ते आपल्याकडे वळतं. ते आपल्याला भेटायला येतंय असं मुलाला वाटतं, आणि व्हिडिओत तसंच दिसतंही.

दिवसभर मुलांनी खणलेले खड्डे आणि किल्ले निघताना बुजवा. बोटभर लांबीच्या पिल्लाला गुडघाभर खड्डा म्हणजे विहीर. कासवांच्या किनाऱ्यांवर हे फारच आवश्यक आहे. ही कासवं किती लांबची प्रवासी आहेत हे मुलांना सांगायचं असेल तर बागेश्रीची गोष्ट सांगा. 2023 मध्ये गुहागरला पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवलेली ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. नकाशा उघडून बोटाने दाखवा.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "म्हणजे मुलांनी कशालाच हात लावायचा नाही का?" लावायचा की! भरतीच्या रेषेवर चला. तिथे पक्ष्यांची पिसं मिळतात. माकुलाच्या पाठीतलं पांढरं, हलकं हाड मिळतं. आणि खेकड्याची कात मिळते, म्हणजे वाढताना टाकून दिलेलं कवच. मेलेला खेकडा की कात हे ओळखायचा मुलांचा आवडता खेळ: पाठीचं झाकण उघडा, आत रिकामं असेल तर मालक जिवंत आहे, फक्त मोठा झालाय. वाळूची बनवलेली, रबरासारखी गोल कॉलर दिसली तर ती मात्र जागेवर ठेवा. कचरा वाटतो, पण ती एका गोगलगायीची अंडी असतात. खडक उलटून बघितला तर पुन्हा तसाच पालथा ठेवा, त्याच्या पोटाशी राहणारे उन्हात टिकत नाहीत. प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा, समुद्रकाकडी हे घरी आणणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.

मांडव्याच्या बोटीवरून कुरव पक्ष्यांना शेव-चिप्स फेकणं, हाही हात लावण्याचाच प्रकार. दूर उत्तरेतून हिवाळा काढायला आलेला पक्षी. त्याला परतीच्या प्रवासासाठी मासे खाऊन चरबी साठवायची असते, आणि आपण त्याला तळणीच्या तेलाची सवय लावतो. फोटो सुरेख येतो, यात वाद नाही.

शेवटचं, अचानक मोठं काही किनाऱ्याला लागलं तर. नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. वनखातं, गावकरी, जीवरक्षक सगळे झटले. दोन दिवसांच्या प्रयत्नांनंतर ते समुद्रात नेऊन सोडलं, पण ते पुन्हा किनाऱ्याला आलं आणि मेलं. तिथे जमलेल्या गर्दीत कितीतरी मुलं होती. अशा वेळी पालक मुलाला ओढून नेतात, "चल, बघू नको." आम्ही म्हणू, लांब उभं राहून बघू द्या. मदत करणाऱ्यांच्या वाटेत येऊ नका, सेल्फी नको, आरडाओरडा नको. मुलगा विचारेल, "मेलं का?" तर हो म्हणा.

आणि तुम्हीच पहिले पोचलात, जाळ्यात गुरफटलेलं कासव किंवा अडकलेला डॉल्फिन दिसला, तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. जखमी कासवाला घाईघाईने पाण्यात ढकलू नका. थकलेलं असेल तर ते बुडी मारू शकत नाही, तरंगत राहतं आणि पुन्हा कुठेतरी लागतं. सावली करा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्री लांब ठेवा. कुत्र्यांना लांब ठेवणं मोठ्यांचं काम. मुलांना फोनवर ठिकाण सांगायचं काम द्या, जवळचं देऊळ कुठलं, सुरूचं बन कुठल्या बाजूला. ती हे फार नीट सांगतात.

चला, उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ.